चौसष्ट किलोबाइटच्या मर्यादेत नेटवर्क: पीडीपी-११ वरील २.११ बीएसडीची जोडणी

पीडीपी-११ या मिनीकॉम्प्युटरवर २.११ बीएसडी ही युनिक्स प्रणाली सुरू होत असताना कन्सोलवर बऱ्याच ओळी सरकत जातात. नेटवर्क नीट बसवलेले असेल, तर त्यांत ‘अटॅचिंग क्यूई० सीएसआर १७४४४०’ ही एक ओळ आणि तिच्या पाठोपाठ ‘अटॅचिंग एलओ०’ ही दुसरी ओळ उमटते. पहिली ओळ सांगते, की १७४४४० या पत्त्यावरचे इथरनेट कार्ड कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, जोडून घेतले आहे. दुसरी सांगते, की यंत्राला स्वतःशीच बोलण्यासाठी लागणारा लूपबॅक मार्गही तयार आहे. या दोन ओळी दिसेपर्यंत जे काही करावे लागते ते समजून घेणे, हा या लेखाचा विषय आहे. नव्याने या प्रणालीकडे वळणारे बहुतेक जण नेटवर्क म्हणजे आयपी पत्ता, मास्क आणि गेटवे अशी समजूत घेऊन येतात आणि थेट तिथूनच सुरुवात करतात. माझ्या मते तो या कामाचा सर्वांत सोपा आणि शेवटचा भाग आहे. खरे काम आहे ते नेटवर्कला मेमरीत जागा करून देण्याचे.

(फाइलींची आणि कमांडींची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची असतात.)

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’, या कंपनीने पीडीपी-११ ही मालिका १९७० मध्ये बाजारात आणली. तिची रचना १६ बिटांची आहे. १६ बिटांत ०पासून ६५,५३५पर्यंतच पत्ते लिहिता येतात, त्यामुळे कोणत्याही प्रोग्रामला एका वेळी ६४ किलोबाइटपलीकडची मेमरी दिसतच नाही. पुढच्या काळातील पीडीपी-११/७० सारख्या यंत्रांत प्रत्यक्ष मेमरी ४ मेगाबाइटपर्यंत बसवता येऊ लागली, पण म्हणून प्रोग्रामची नजर रुंदावली नाही. कोठार मोठे झाले, पण त्यात डोकावण्याची खिडकी तेवढीच राहिली. या यंत्रांत आणखी एक सोय मिळाली, ती म्हणजे आज्ञा आणि डेटा यांच्यासाठी वेगवेगळे अवकाश. त्यामुळे ६४ किलोबाइट आज्ञांसाठी आणि ६४ किलोबाइट डेटासाठी, असे दुप्पट वापरता आले. २.११ बीएसडीला ही सोय असलेलेच यंत्र लागते.

दुसऱ्या बाजूला नेटवर्कचा सॉफ्टवेअर संच आहे. टीसीपी/आयपीचा जो संच २.११ बीएसडीत आहे तो ४.३ बीएसडीतून आला. ४.३ बीएसडी १९८६ मध्ये आली आणि ती लिहिली गेली व्हॅक्स या ३२ बिटांच्या यंत्रासाठी, जिथे पत्त्यांची टंचाई नव्हती. तो संच पीडीपी-११ च्या कर्नलमध्ये जसाच्या तसा मावणे शक्यच नव्हते, कारण फाइलप्रणाली, प्रक्रियांचे वेळापत्रक आणि डिस्कचे ड्रायव्हर यांनीच तिथली जागा भरून गेली होती. यावर काढलेला तोडगा मला या प्रणालीतील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

पीडीपी-११ च्या वरच्या मॉडेलांत प्रोसेसर तीन अवस्थांत चालू शकतो: कर्नल, सुपरव्हायझर आणि युजर. युनिक्सला परंपरेने दोनच अवस्था पुरत असत. कर्नल पहिलीत आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम तिसरीत चालत, आणि मधली अवस्था रिकामी पडून राही. प्रत्येक अवस्थेला मेमरीचा स्वतःचा नकाशा असतो, म्हणजेच आज्ञांसाठी ६४ आणि डेटासाठी ६४ किलोबाइटचा स्वतंत्र अवकाश असतो. बीएसडीच्या लोकांनी संपूर्ण नेटवर्क उचलून या रिकाम्या, मधल्या अवस्थेत नेऊन बसवले. त्यामुळे या प्रणालीत कर्नलच्या दोन फाइली असतात. ‘युनिक्स’ ही मुख्य फाइल आणि ‘नेटनिक्स’ ही नेटवर्कची फाइल. यंत्र सुरू होताना आधी पहिली चढते आणि मग ती दुसरीला चढवून घेते. एखाद्या प्रोग्रामने सॉकेट, म्हणजे नेटवर्कवर बोलण्याचे टोक, मागितले, की विनंती आधी कर्नलकडे जाते, कर्नल ती सुपरव्हायझर अवस्थेतील नेटवर्ककडे सोपवतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. हे एकदा लक्षात आले, की जोडणीतील पुढची बरीचशी कोडी आपोआप सुटतात.

यातून पहिली अट निघते ती यंत्राच्या मॉडेलची. पीडीपी-११/२३ किंवा ११/३४ यांसारख्या यंत्रांत सुपरव्हायझर अवस्था नाही आणि आज्ञा-डेटा यांचे वेगळे अवकाशही नाहीत. तिथे २.११ बीएसडीचा विचारच करू नये. ११/४४, ११/७०, ११/७३, ११/८३, ११/८४, ११/९३ आणि ११/९४ ही मॉडेले चालतात. आज बहुतेक जण प्रत्यक्ष यंत्राऐवजी बॉब सपनिक यांनी सुरू केलेल्या सिमएच या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हे काम करतात, आणि तिथे मॉडेल बदलणे म्हणजे एका ओळीची आज्ञा असते. तरीही मॉडेल विचारपूर्वक निवडावे, कारण मॉडेल ठरले की बस, म्हणजे कार्डे जोडण्याची वाहिनी, ठरते आणि बस ठरली की इथरनेटचे कार्ड ठरते. ११/७३, ११/८३ आणि ११/९३ क्यू-बसवर चालतात आणि त्यांना डेक्यूएनए किंवा डेल्क्यूए हे कार्ड लागते. ११/४४, ११/७०, ११/८४ आणि ११/९४ युनिबसवर चालतात, तिथे डेयूएनए किंवा डेलुआ हे कार्ड हवे. सिमएचमध्ये क्यू-बसच्या कार्डाचे नाव एक्सक्यू आणि युनिबसच्या कार्डाचे नाव एक्सयू असे आहे, तर बीएसडीच्या ड्रायव्हरांची नावे अनुक्रमे क्यूई आणि डीई अशी आहेत. एम्युलेटरमध्ये एक्सक्यू लावून कर्नलमध्ये डीई बांधला, तर दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात, पण गाठ कधीच पडत नाही. पुढचे विवेचन मी क्यू-बस आणि क्यूई हे गृहीत धरून करतो.

वितरणासोबत जेनेरिक नावाचा तयार कर्नल येतो. शक्य तितक्या वेगवेगळ्या यंत्रांवर उभे राहता यावे हा त्याचा हेतू असल्यामुळे त्यात नेटवर्क नसते. म्हणून स्वतःचा कर्नल बांधण्यावाचून गत्यंतर नाही. कर्नलच्या मूळ संहितेत कॉन्फ नावाची निर्देशिका आहे, तिच्यातील जेनेरिक या फाइलची प्रत काढायची, तिला आपल्या यंत्राचे नाव द्यायचे आणि त्या प्रतीत बदल करायचे. फाइल साधी आहे. एका ओळीवर एक नाव, त्याचे मूल्य आणि पुढे टिपण. ‘आयनेट’ समोर ‘यस’ लिहिले, की टीसीपी/आयपी समाविष्ट होते. ‘एनईथर’ला १ दिले की इथरनेटचा सामाईक भाग येतो, ‘एनक्यूई’ला १ दिले की कार्डाचा ड्रायव्हर येतो आणि ‘एनलूप’ला १ दिले की लूपबॅक येतो. जी कार्डे आपल्याकडे नाहीत त्यांच्यासमोर ० असू द्यावे, कारण न लागणारा प्रत्येक ड्रायव्हर जागा खातो.

‘एनपीटीवाय’ ही ओळ अनेकांच्या नजरेतून सुटते. दूरवरून टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सेवेने, आलेल्या माणसासाठी यंत्राला खरा टर्मिनल नसतो, म्हणून त्याला एक आभासी टर्मिनल द्यावा लागतो. ‘एनपीटीवाय’ शून्य ठेवले, तर नेटवर्क चालेल, पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ या चाचणीच्या हाकेला, उत्तर मिळेल, पण लॉगिन कोणालाही करता येणार नाही. तिथे १६ लिहावे.

याच फाइलीत ‘मॅक्सयूजर्स’ आणि ‘एनबफ’ हेही आकडे असतात. पहिल्यावरून प्रक्रिया, उघड्या फाइली आणि आयनोड (फाइलींच्या नोंदी) यांच्या तक्त्यांचा आकार ठरतो, तर दुसरा डिस्कच्या बफरांची संख्या सांगतो. बफर स्वतः मुख्य मेमरीत दूर कुठेतरी ठेवलेले असले, तरी प्रत्येक बफरचा हेडर कर्नलच्या ६४ किलोबाइट डेटा अवकाशातच बसतो. ‘मेमरी ४ मेगाबाइट आहे, मग आकडे सढळ हाताने वाढवू’ हा विचार इथे अंगलट येतो. एम्युलेटरवर एकट्याने काम करणाऱ्याने हे आकडे मूळ आहेत तसेच ठेवावेत.

फाइल तयार झाली की त्याच निर्देशिकेतील ‘कॉन्फिग’ ही स्क्रिप्ट आपल्या फाइलचे नाव देऊन चालवायची. ती यंत्राच्या नावाची नवी निर्देशिका तयार करते आणि तिच्यात मेकफाइल, म्हणजे बांधणीच्या सूचनांची फाइल, ठेवते. तिथे जाऊन ‘मेक’ म्हटले, की बांधणी सुरू होते. आणि बहुतेकांची पहिली खरी अडचण इथेच येते.

६४ किलोबाइटचा आज्ञा-अवकाश यंत्राच्या दृष्टीने ८ किलोबाइटच्या आठ पानांचा असतो. कर्नलची सगळी संहिता मिळून ६४ किलोबाइटपेक्षा मोठी असल्याने ती दोन प्रकारांत विभागली आहे. सात पाने, म्हणजे ५६ किलोबाइटपर्यंतचा भाग, कायम जागेवर राहतो आणि त्याला बेस म्हणतात. आठव्या पानावर मात्र गरजेप्रमाणे वेगवेगळे तुकडे आणून बसवले जातात, त्या तुकड्यांना ओव्हरले म्हणतात. पानाची मर्यादा ८,१९२ बाइट असल्यामुळे कोणताही ओव्हरले त्याहून मोठा असून चालत नाही. कोणती ऑब्जेक्ट फाइल (संहितेच्या एका फाइलीचे यंत्रभाषेतील रूप) बेसमध्ये आणि कोणती कितव्या ओव्हरलेत, हे मेकफाइलमध्ये हाताने लिहिलेले असते: बेसची एक यादी, मग ‘ओव्ही१’, ‘ओव्ही२’ अशा पुढच्या याद्या.

नेटवर्क स्वतः नेटनिक्समध्ये गेले असले, तरी त्याचे काही धागे कर्नलमध्ये राहतातच. आभासी टर्मिनलचा ड्रायव्हर कर्नलचा असतो, सॉकेटच्या विनंत्या पुढे पाठवणारा दुवाही कर्नलचाच. जेनेरिकच्या हिशेबाने नीट बसलेले ओव्हरले या भरीमुळे फुगतात. माझ्या एका बांधणीत लिंक करताना सगळे थांबले तेव्हा मी ‘साइझ’ ही कमांड चालवून पाहिली. तिने दाखवलेल्या ओव्हरलेंच्या यादीत एक आकडा ८,२५६ होता. मर्यादेपेक्षा ६४ बाइट जास्त. पीडीपी-११ मध्ये मेमरीचे माप ६४ बाइटांच्या एककात होते, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली होती ती नेमकी एका एककाने. त्याच यादीत दुसरा एक ओव्हरले जेमतेम सहा हजारांच्या घरात होता. मोठ्या ओव्हरलेतील एक लहानशी ऑब्जेक्ट फाइल मेकफाइलमध्ये त्या यादीतून काढून लहान ओव्हरलेच्या यादीत लिहिली, पुन्हा ‘मेक’ म्हटले, आणि कर्नल तयार झाला.

हे सोपे वाटते, पण फाइल कुठे हलवावी याला काही विवेक लागतो. एका ओव्हरलेतील फंक्शनने दुसऱ्या ओव्हरलेतील फंक्शनला हाक मारली, की आठव्या पानाचा नकाशा बदलावा लागतो आणि काम झाल्यावर तो पुन्हा पूर्ववत करावा लागतो. जी फंक्शने एकमेकांना सतत हाका मारतात ती एकाच ओव्हरलेत असलेली बरी. जी सतत सगळीकडूनच वापरली जातात ती बेसमध्ये असावीत. म्हणून बेसमधून काही बाहेर काढण्यापेक्षा एका ओव्हरलेतून दुसऱ्यात हलवणे केव्हाही अधिक सुरक्षित. बांधणीच्या शेवटी ‘चेकसिस’ नावाचा एक छोटा प्रोग्राम तयार कर्नलची मापे तपासतो आणि काही मर्यादेबाहेर असेल तर तसे सांगतो. त्याचा इशारा आला, तर तो कर्नल डिस्कच्या मुळाशी नेऊ नये.

बांधणी यशस्वी झाली की निर्देशिकेत ‘युनिक्स’ आणि ‘नेटनिक्स’ अशा दोन फाइली दिसतात. या दोन्ही फाइली मूळ निर्देशिकेत एकत्र न्यायच्या, आणि नेण्यापूर्वी जुन्या फाइलींची नावे बदलून त्या जपून ठेवायच्या. नवी युनिक्स आणि जुनी नेटनिक्स, किंवा उलट, अशी जोडी कधीही लावू नये. दोघी एकाच कॉन्फिगरेशनवर, एकाच डेटा रचनांवर विसंबून असतात, आणि म्हणून त्या एकाच बांधणीतून निघालेल्या असाव्या लागतात. मी सुरुवातीला एकदा फक्त युनिक्सची प्रत काढली होती आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर नेटवर्क का नाही याचा शोध एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये घेत बसलो होतो. नवा कर्नल उभाच राहिला नाही, तर बूट प्रोग्राम ‘:’ हे चिन्ह दाखवून थांबतो, तिथे जुन्या कर्नलचे नाव टाइप करता येते. जुनी फाइल जपून ठेवण्याचा उपयोग तेव्हा कळतो.

आता लेखाच्या सुरुवातीला आलेला १७४४४० हा आकडा. तो अष्टमान पद्धतीत आहे, म्हणून त्यात ८ आणि ९ हे अंक कधी येत नाहीत. पीडीपी-११ मध्ये बाहेरच्या उपकरणांना मेमरीचेच पत्ते दिलेले असतात. अवकाशातील सर्वांत वरचे ८ किलोबाइट त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात आणि कार्डाशी बोलणे म्हणजे त्या पत्त्यांवर लिहिणे आणि वाचणे. सिमएचमध्ये ‘शो एक्सक्यू’ असे विचारले, तर तो १७७७४४४० असा लांब पत्ता सांगतो आणि पाहणारा गोंधळतो. प्रत्यक्षात दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत. प्रोग्रामला ती जागा १६ बिटांतून दिसते, तर सिमएच ती २२ बिटांत सांगतो. शेवटचे अंक जुळत असतील, तर काही बदलण्याची गरज नाही.

एम्युलेटरच्या बाजूला तीन गोष्टी कराव्या लागतात: एक्सक्यू सुरू करणे, त्याला मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता, देणे आणि तो यजमान संगणकाच्या (ज्यावर एम्युलेटर चालतो त्याच्या) एखाद्या जोडणीला बांधणे. डेकच्या कार्डांचे मॅक पत्ते ०८-००-२बी या आकड्यांनी सुरू होतात. एकाच जाळ्यात दोन एम्युलेटर चालवायचे असतील, तर दोघांचे मॅक पत्ते वेगळे ठेवावे लागतात. बांधणीचे मार्ग मात्र वेगवेगळे आहेत आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत. यजमानाच्या इथरनेटला थेट बांधले, तर जाळ्यावरची इतर यंत्रे पीडीपी-११ ला पाहू शकतात, पण खुद्द यजमान संगणकाला तो सहसा दिसत नाही, आणि त्यासाठी वरिष्ठ परवानगीही लागते. वायफायवर हा मार्ग बहुधा चालत नाही, कारण एका वायरलेस कार्डाने दुसऱ्याच मॅक पत्त्याने बोललेले पुष्कळ उपकरणांना मान्य नसते. टॅप नावाची आभासी जोडणी केली, तर यजमान आणि पाहुणा (एम्युलेटरमधला पीडीपी-११) यांचे एकमेकांशी बोलणे होते. पहिल्या प्रयत्नासाठी मी सिमएचच्या आतच असलेला नॅटचा, म्हणजे यजमानाच्या पत्त्याआडून बाहेर बोलण्याचा, मार्ग सुचवेन. त्यात पाहुण्याने १०.०.२.१५ असा पत्ता घ्यावा आणि १०.०.२.२ हा गेटवे धरावा एवढेच असते. बाहेरून आत येण्यासाठी पोर्ट वेगळे उघडावे लागतात, पण ते नंतर पाहता येते.

इतके झाल्यावर कुठे आपण पत्त्यांपाशी येतो. २.११ बीएसडी १९९१ मध्ये आली. पत्ता आपोआप वाटणारी डीएचसीपी ही पद्धत त्यानंतरची आहे, म्हणून इथे सगळे हाताने लिहायचे. ते लिहिण्याची जागा म्हणजे ईटीसी निर्देशिकेतील ‘नेटस्टार्ट’ ही स्क्रिप्ट. यंत्र बहुवापरकर्ता अवस्थेत जाताना ती चालते. एकवापरकर्ता अवस्थेत, म्हणजे सुरुवातीच्या ‘#’ चिन्हापाशीच थांबून नेटवर्क का चालत नाही असा प्रश्न विचारू नये. तिथे ते अजून सुरूच झालेले नसते.

स्क्रिप्टच्या वरच्या भागात यंत्राचे नाव, मास्क, ब्रॉडकास्ट पत्ता आणि गेटवे लिहायचे असतात. पुढे ‘आयएफकॉन्फिग’ ही कमांड ती मूल्ये घेऊन क्यूई० ही जोडणी उभी करते. इथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की आयएफकॉन्फिगला बहुधा पत्ता न देता यंत्राचे नाव दिलेले असते. नावाचा पत्ता शोधायला नेटवर्क लागेल असे वाटते, पण नेटवर्क तर अजून उभे राहायचे आहे. म्हणून आपल्या यंत्राचे नाव आणि पत्ता ‘होस्ट्स’ फाइलीत असलाच पाहिजे. ते नसेल, तर बाकी सगळे अचूक असूनही क्यूई० उभी राहत नाही.

मास्क स्पष्टपणे लिहावा. या संचाला पत्त्यांचे वर्ग ठाऊक आहेत. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, की तो मास्क २५५.०.०.० असा धरतो, आणि नॅटच्या १०.०.२.१५ या पत्त्याला ते जुळत नाही. तिथे २५५.२५५.२५५.० असे स्वतः सांगावे लागते. ब्रॉडकास्ट पत्त्याचेही असेच आहे. ४.२ बीएसडीच्या काळात यंत्राच्या भागात सगळे शून्य लिहून सर्वांना हाक मारली जाई. ४.३ पासून सगळे एक लिहिण्याची रीत आली, म्हणून आपल्या उदाहरणात १०.०.२.२५५.

त्याच ओळीत ‘-ट्रेलर्स’ असा एक विचित्र शब्द सापडतो. तो काढून टाकू नये. ४.२ बीएसडीने इथरनेटवर एक युक्ती आणली होती. पाकिटाचा मथळा सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवायचा, म्हणजे आतला डेटा मेमरीच्या पानाच्या सीमेवर नेमका उतरतो आणि त्याची नक्कल करण्याचे कष्ट वाचतात. तेव्हाच्या यंत्रांवर ही बचत मोलाची होती, पण ज्या यंत्रांना ही रीत ठाऊक नाही त्यांना ती पाकिटे वाचताच येत नाहीत. शब्दाआधीचे उणे चिन्ह ही युक्ती बंद ठेवते.

गेटवेसाठी ‘रूट ॲड’ ही कमांड असते, आणि तिला शेवटी एक आकडा द्यावा लागतो. जाळे थेट जोडलेले असेल तर ०, आणि मध्ये गेटवे असेल तर १. आजच्या प्रणालींत हा आकडा लागत नाही, त्यामुळे तो विसरला जातो. गेटवेच्या ओळीत चुकून ० लिहिले, तर यंत्र गेटवेलाच आपल्या तारेवरचे जाळे समजते आणि बाहेरच्या पत्त्यांना पाठवलेले काहीच पोहोचत नाही.

आता तपासणी. ती खालून वर करावी. आधी १२७.०.०.१ ला पिंग करावे. उत्तर आले, तर नेटनिक्स चढली आहे आणि चालते आहे, म्हणजे जागेचा सगळा प्रश्न सुटला. मग स्वतःच्या पत्त्याला पिंग करावे, मग गेटवेला. गेटवेकडून उत्तर नसेल, तर ‘एआरपी -ए’ चालवून पाहावे. तिथे गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक पत्ता आलेला असेल, तर कार्ड दोन्ही दिशांनी चालते आहे आणि दोष वरच्या थरात आहे. मॅक पत्ता अपूर्ण असेल, तर दोष बांधणीत किंवा एम्युलेटरच्या जोडणीत आहे. ‘नेटस्टॅट -आय’ किती पाकिटे गेली आणि किती आली हे दाखवते. गेलेल्यांचा आकडा वाढतो आणि आलेल्यांचा शून्यावरच राहतो, हे यजमानाच्या बाजूच्या चुकीचे नेहमीचे लक्षण आहे. नावांनी पिंग करणे सर्वांत शेवटी.

नावांच्या बाबतीत या प्रणालीची एक खासियत सांगायला हवी. नाव ‘होस्ट्स’ फाइलीत शोधायचे की डीएनएसला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सेवेला, विचारायचे, हे इथे चालू यंत्रावर एखादी फाइल बदलून ठरत नाही. ते सी भाषेची लायब्ररी बांधतानाच ठरते. शिवाय २.११ बीएसडीत सामाईक लायब्ररी नाहीत. टेलनेट, एफटीपी, पिंग या प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात लायब्ररीचा आपापला तुकडा कायमचा जोडलेला असतो. म्हणून लायब्ररीची पद्धत बदलली, तर ते सगळे प्रोग्राम पुन्हा बांधावे लागतात. ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ अचूक लिहूनही डीएनएस चालत नसेल, तर कारण बहुधा हे असते. घरगुती वापरासाठी लागणाऱ्या पाच-दहा यंत्रांची नावे ‘होस्ट्स’ फाइलीत लिहून मोकळे होणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

बाहेरून येणाऱ्यांसाठी ‘आयनेटडी’ हा एकच प्रोग्राम सर्व दारांवर कान देऊन बसतो आणि कोणी आले की त्या सेवेचा प्रोग्राम सुरू करतो. प्रत्येक सेवेचा स्वतंत्र प्रोग्राम कायम मेमरीत ठेवणे या यंत्राला परवडणारे नाही. त्याच्या कॉन्फ फाइलीत टेलनेट आणि एफटीपी या ओळी ठेवून फिंगर, शेल, एक्झेक, लॉगिन या ओळींच्या आरंभी ‘#’ लावावा. हे जागेसाठी नाही, सुरक्षेसाठी आहे. या काळातील सेवा पासवर्डसुद्धा उघडा पाठवतात, आणि एसएसएच इथे बसवावे इतका दम या यंत्रात नाही. हे यंत्र खाजगी जाळ्यातच ठेवावे, खुल्या इंटरनेटवर त्याचे टेलनेट पोर्ट कधीही उघडू नये.

टेलनेट करणाऱ्याला ‘ऑल नेटवर्क पोर्ट्स इन यूज’ असे उत्तर मिळाले, तर जाळ्यात दोष शोधू नये. आभासी टर्मिनल कमी पडत आहेत किंवा त्यांच्या फाइली डेव्ह निर्देशिकेत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्या निर्देशिकेत ‘मेकडेव्ह पीटीवाय०’ चालवले की सोळा जोड्या तयार होतात, आणि ‘टीटीवाईज’ फाइलीत ‘टीटीवायपी०’पासूनच्या ओळी असल्या की काम होते. त्या ओळींवर ‘सिक्युअर’ हा शब्द नसेल, तर रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून थेट आत येता येत नाही, आणि तो नसलेलाच बरा. स्वतःसाठी एक साधे खाते करावे, ते व्हील गटात घालावे, आणि आत आल्यावर ‘एसयू’ म्हणावे. व्हील गटात नसलेल्याला ‘एसयू’ रूट होऊ देत नाही.

मग दुसऱ्या संगणकावरून टेलनेट करावे. लॉगिनची ओळ उमटायला अर्धा-एक मिनिट लागत असेल, तर यंत्र येणाऱ्याच्या पत्त्यावरून त्याचे नाव शोधत बसलेले असते. त्या संगणकाचे नाव ‘होस्ट्स’ फाइलीत घातले की ही वाट पाहणे संपते. आत आल्यावर ‘हू’ टाइप करावे. कन्सोलच्या ओळीखाली ‘टीटीवायपी०’ची ओळ दिसते आणि तिच्या शेवटी, कंसात, आपण जिथून आलो त्या यंत्राचे नाव असते.